एक ओळ, एक काम

फेब्रुवारी २००४मध्ये अमेरिकेतल्या सॅन दिएगो शहरात तंत्रज्ञांची एक परिषद भरली होती. तिथे डॅनी ओब्रायन या ब्रिटिश पत्रकाराने स्वतः केलेल्या एका चौकशीचं फलित मांडलं. काही प्रोग्रॅमर इतरांच्या कितीतरी पट काम उरकतात. ते आपली कामं सांभाळतात तरी कशी, हे त्याने त्यांनाच विचारलं होतं. ही मंडळी हवं ते सॉफ्टवेअर स्वतः लिहू शकणारी. तरीही त्यांच्यापैकी अनेकांची कामांची यादी एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये होती. ठळक अक्षरं नाहीत, रंग नाहीत, रकाने नाहीत; नुसत्या ओळी. डोक्यात येईल ते त्या फाइलमध्ये टाकायचं आणि लागेल तेव्हा शोधून काढायचं, एवढीच पद्धत. ‘लाइफ हॅक’ हा शब्दप्रयोग रुळला तो याच भाषणापासून.

त्यानंतर दोन वर्षांनी, २००६मध्ये, जीना ट्रपानी या अमेरिकन लेखिका-प्रोग्रॅमरने या सवयीला नियमांची चौकट दिली. ‘लाइफहॅकर’ या संकेतस्थळाची ती संस्थापक संपादक. तिने दोन गोष्टी केल्या. यादीतली ओळ कशी लिहायची याचे मोजके नियम ठरवले, आणि ती यादी कमांड लाइनवरून हाताळणारा एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. दोन्ही मिळून ‘टूडू.टीएक्सटी’ या नावाने ओळखले जातात. प्रोग्रॅम मुक्त आहे, फुकट आहे आणि आजही वापरात आहे. मात्र त्याचं टिकणं कळायचं असेल तर आधी नियमांकडे पाहायला हवं.

ओळीचं व्याकरण

पहिला नियम असा की एका ओळीत एकच काम. ओळ संपली की काम संपलं. बाकीच्या खुणा ऐच्छिक आहेत. दिवाळी अंक काढणाऱ्या एखाद्या संपादकाची ऑगस्टमधली यादी घेऊ. (या लेखात खुणा, आकडे आणि आज्ञा देवनागरीत छापल्या आहेत. प्रत्यक्षात कंसातलं अक्षर, तारखा, ‘एक्स’, ‘ड्यू’ आणि आज्ञा रोमन लिपीत टाइप कराव्या लागतात. कामाचा मजकूर मात्र खुशाल मराठीत लिहावा.)

(ए) २०२५-०८-०४ मुखपृष्ठाच्या कच्च्या चित्राबद्दल चित्रकाराशी बोलणे +दिवाळीअंक @फोन

२०२५-०८-०४ कथा विभागाची दुसरी प्रुफं वाचणे +दिवाळीअंक @कागद ड्यू:२०२५-०८-२०

२०२५-०८-०५ वीजबिल भरणे +घर @संगणक ड्यू:२०२५-०८-१८

एक्स २०२५-०८-०६ २०२५-०८-०१ जाहिरातदारांना दरपत्रक पाठवणे +दिवाळीअंक @संगणक

ओळीच्या सुरुवातीला कंसात एक मोठं रोमन अक्षर असेल तर तो कामाचा अग्रक्रम. ‘ए’ सर्वांत महत्त्वाचं, तिथून ‘झेड’पर्यंत. त्यानंतरची तारीख म्हणजे काम यादीत आलं तो दिवस. अधिकचं चिन्ह लावलेला शब्द म्हणजे प्रकल्प, म्हणजे ते काम कोणत्या मोठ्या कामाचा भाग आहे ते. ‘@’ लावलेला शब्द म्हणजे संदर्भ: ते काम कुठे किंवा कशाच्या मदतीने होणार. ही संदर्भांची कल्पना डेव्हिड ॲलन यांच्या २००१मध्ये आलेल्या ‘गेटिंग थिंग्ज डन’ या पुस्तकातून आलेली आहे. हातात फोन असताना फोनवरची सगळी कामं, मग ती अंकाची असोत की घरची, एकदम समोर यावीत हा तिचा हेतू.

अपूर्णविरामाने जोडलेली जोडी म्हणजे जादा माहिती. ‘ड्यू’पुढे मुदतीची तारीख लिहायची हा त्यातला सर्वांत रुळलेला प्रकार. अशा जोड्या आपल्यालाही घडवता येतात. ‘पाने:१६’ किंवा ‘मानधन:बाकी’ असं कोणी लिहिलं तर नियम आडवे येत नाहीत. फक्त इतर ॲप्सना ‘ड्यू’ कळतं, आपण ठरवलेलं ‘मुदत’ कळत नाही, हे ध्यानात ठेवायचं. काम झालं की ओळीच्या अगदी सुरुवातीला लहान लिपीतला ‘एक्स’, मग रिकामी जागा आणि पूर्ण झाल्याची तारीख. व्याकरण इथे संपलं.

हे नियम वरवर पाहता कोणीही सुचवले असते असे वाटतात. त्यातली खुबी क्रमवारी लावताना कळते. संगणक मजकुराची क्रमवारी लावतो ती प्रत्येक चिन्हाला दिलेल्या क्रमांकावरून. १९६३पासून चालत आलेल्या आस्की या संकेतप्रणालीत डाव्या कंसाचा क्रमांक ४० आहे, शून्य ते नऊ या अंकांचे ४८ ते ५७ आणि लहान ‘एक्स’चा १२०. म्हणजे यादीची नुसती अक्षरानुक्रमे मांडणी केली तरी कंसाने सुरू होणारी महत्त्वाची कामं सर्वांत वर येतात आणि त्यातही ‘ए’ ‘बी’च्या आधी. त्यांच्याखाली तारखेने सुरू होणारी साधी कामं, आणि ‘एक्स’ लागलेली झालेली कामं थेट तळाला. वर्ष-महिना-दिवस असा तारखेचा क्रमही त्याचसाठी. दिवस आधी लिहिला तर ५ सप्टेंबर २० ऑगस्टच्या आधी येईल; वर्ष आधी लिहिलं की अक्षरांचा क्रम आणि काळाचा क्रम एकच होतो. याचा एक उपयोगी परिणाम असा की अग्रक्रम नसलेल्या कामांत सर्वांत जुनं काम आपोआप सर्वांत वर येतं. यादी नीट लावण्यासाठी वेगळी बुद्धी लागत नाही. ओळ कोणत्या चिन्हाने सुरू होते एवढ्यातच सारं बसवलं आहे.

आज्ञा मोजक्याच

कमांड लाइन म्हणजे संगणकाच्या खिडकीत आज्ञा टाइप करून काम करून घेण्याची पद्धत. मॅक आणि लिनक्सवर ती संगणकासोबतच येते. विंडोजवर २०१६पासून लिनक्सचा एक थर जोडता येतो, त्यातूनही हा प्रोग्रॅम चालतो. त्याचं मूळ नाव ‘टूडू.एसएच’. वापरणारे बहुतेक जण त्याला ‘टी’ हे एका अक्षराचं टोपणनाव देतात.

‘टी ॲड’ लिहून पुढे अवतरणात काम लिहिलं की फाइलच्या शेवटी एक ओळ वाढते. ‘टी एलएस’ म्हटलं की यादी क्रमवार दिसते आणि प्रत्येक कामापुढे त्याचा आकडा असतो. हा आकडा म्हणजे फाइलमधल्या ओळीचा क्रमांक. ‘टी प्राय ३ बी’ म्हटलं की तिसऱ्या कामाला ‘बी’ अग्रक्रम मिळतो. ‘टी डू ३’ म्हटलं की त्याच्यापुढे ‘एक्स’ आणि आजची तारीख लागते, आणि मूळ मांडणीनुसार ती ओळ लगेच ‘डन.टीएक्सटी’ या दुसऱ्या फाइलमध्ये जाते. इथे नवखा माणूस हमखास ठेच खातो. ओळ निघून गेली की तिच्याखालच्या ओळींचे क्रमांक बदलतात. मघाशी पाहिलेलं पाचवं काम आता चौथं झालेलं असतं. त्यामुळे तीन आणि पाच अशी दोन कामं झाली असतील तर दोन्ही आकडे एकाच आज्ञेत द्यावेत, नाहीतर मध्ये पुन्हा यादी पाहावी.

खरी मजा चाळणीत आहे. ‘टी एलएस @फोन’ म्हटलं की फक्त फोनची कामं दिसतात. त्यापुढे ‘+दिवाळीअंक’ जोडलं की अंकासाठी करायचे फोन तेवढे उरतात. एखाद्या शब्दाआधी वजाचं चिन्ह दिलं की तो शब्द असलेली कामं गळून जातात. ‘टी लिस्टप्रॉज’ ही आज्ञा यादीत कोणते प्रकल्प आहेत ते सांगते. प्रकल्पांची वेगळी नोंद कुठे ठेवलेली नसते. अधिकच्या चिन्हापासून पुढची रिकामी जागा येईपर्यंतचा मजकूर प्रत्येक ओळीतून उचलला जातो, इतकंच. म्हणून नवा प्रकल्प सुरू करायला कुठलाही अर्ज भरावा लागत नाही. नाव लिहिलं की तो अस्तित्वात आला, आणि त्या नावाची शेवटची ओळ गेली की संपला.

यात नवं असं फार काही नाही. १९७०च्या दशकात बेल लॅब्समध्ये युनिक्स घडत असताना केन थॉम्प्सन यांनी ‘ग्रेप’ लिहिला. फाइलमधल्या ज्या ओळींत दिलेला शब्द सापडेल तेवढ्याच ओळी दाखवणारा हा प्रोग्रॅम. त्याच काळात डग मॅकिलरॉय यांच्या आग्रहातून ‘पाइप’ आला: उभ्या दांडीचं एक चिन्ह, ज्याने एका प्रोग्रॅमचा निकाल थेट दुसऱ्याच्या हाती दिला जातो. ओळ हे या सगळ्या साधनांचं समान माप होतं. टूडू.टीएक्सटीने काम आणि ओळ यांची सांगड घातली, आणि पन्नास वर्षांपूर्वीची ती सारी साधनं कामाच्या यादीसाठी आपोआप उपलब्ध झाली. ऑगस्टमध्ये किती कामं झाली? डन.टीएक्सटीमध्ये ‘एक्स’ आणि त्यापुढे ‘२०२५-०८’ ग्रेपने शोधायचं आणि निकाल ओळी मोजणाऱ्या ‘डब्ल्यूसी’ला पाइपने द्यायचा. उत्तर एका आकड्यात. हे टूडू.टीएक्सटीच्या कर्तीने बसवलेलं वैशिष्ट्य नव्हे. फाइल साधी असल्यामुळे ते मिळतं.

प्रोग्रॅम गेला तर?

कामाच्या याद्यांची ॲप्स येतात आणि जातात. ‘ॲस्ट्रिड’ हे लोकप्रिय ॲप मे २०१३मध्ये याहूने विकत घेतलं आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये ते बंद झालं. बर्लिनमध्ये जन्मलेलं ‘वंडरलिस्ट’ २०१५मध्ये मायक्रोसॉफ्टकडे गेलं आणि ६ मे २०२० रोजी बंद झालं. वापरणाऱ्यांना याद्या बाहेर काढायला मुदत मिळाली होती, त्या दुसऱ्या ॲपमध्ये नेण्याची सोयही होती. तरी तारीख ठरवली कंपनीने, आणि हलायचं कुठे हेही बऱ्याच अंशी तिनेच.

कमांड लाइनवरची साधनंही यादी स्वतःच्या ताब्यात ठेवण्याच्या मोहातून सुटत नाहीत. २००८मध्ये सुरू झालेला ‘टास्कवॉरियर’ हा याच कुळातला, पण कितीतरी ताकदवान प्रोग्रॅम. एक काम दुसऱ्यावर अवलंबून ठेवणं, दर महिन्याला परत येणारी कामं, तातडीचं गणित असं पुष्कळ त्याला येतं. त्याच्या नोंदीही वर्षानुवर्षं मजकुराच्या फाइलींत होत्या. २०२४मध्ये आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत त्या एसक्यूलाइट या डेटाबेसमध्ये गेल्या. अनेक उपकरणांत नोंदी जुळवायच्या तर त्याला सबळ कारण होतं. पण आता ती यादी साध्या संपादकात उघडून वाचता येत नाही; मध्ये प्रोग्रॅम लागतोच.

टूडू.टीएक्सटीची फाइल किराण्याच्या चिठ्ठीसारखी आहे, कोणत्याही दुकानात वाचता येणारी. नोटपॅडमध्ये उघडा, अँड्रॉइडवरच्या ‘सिंपलटास्क’सारख्या ॲपमध्ये उघडा, ईमेलमध्ये चिकटवून स्वतःला पाठवा; ती तीच राहते. नियम इतके थोडे आहेत की ते माणसाला तोंडपाठ होतात, आणि म्हणून त्या नियमांवर चालणारा नवा प्रोग्रॅम एखादा होतकरू विद्यार्थीही लिहू शकतो. असे डझनावारी प्रोग्रॅम लिहिले गेले आहेत. त्यांपैकी कोणताही उद्या बंद पडला तरी यादीला धक्का लागत नाही.

मराठीत यादी

मराठी वाचकाने इथे थोडं थबकायला हवं, कारण ‘साधा मजकूर’ हे सुख आपल्याला उशिरा मिळालं. श्री-लिपी, शिवाजी अशा फाँटांत टाइप केलेली जुनी फाइल ज्यांनी तो फाँट नसलेल्या संगणकावर उघडली आहे, त्यांना ती अनाकलनीय रोमन अक्षरांची गर्दी आठवत असेल. त्या फाइलमध्ये मराठी अक्षरं नसतातच. असतात ती इंग्रजी अक्षरांचे वा चिन्हांचे क्रमांक. फाँट फक्त त्या जागी देवनागरी आकार रंगवतो. अशा फाइलमध्ये शोध घ्यायचा तर कोणत्या कळीवर कोणता आकार आहे हे माहीत असावं लागतं. तिची अक्षरानुक्रमे मांडणी केली तर ती त्या कळींच्या क्रमाने लागते, वर्णमालेच्या नव्हे.

युनिकोडने देवनागरीच्या प्रत्येक वर्णाला स्वतःचा क्रमांक दिला. हे क्रमांक फाइलमध्ये साठवण्याची आज सर्वत्र चालणारी रीत, म्हणजे यूटीएफ-८, सप्टेंबर १९९२मध्ये केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी आखली. न्यू जर्सीतल्या एका खाणावळीत, टेबलावरच्या कागदी चटईवर. ग्रेप लिहिणारे ते हेच थॉम्प्सन. या रीतीत रोमन अक्षराला एक बाइट लागतो आणि देवनागरी वर्णाला तीन. तरी हजार कामांची मराठी यादी साधारण दोनशे किलोबाइटांत मावते, मोबाइलवर काढलेल्या एका छायाचित्रापेक्षा कितीतरी कमी.

म्हणजे आज यादी मराठीत ठेवायला आडकाठी नाही. काही खाचखळगे मात्र आहेत. पहिला क्रमवारीचा. देवनागरी वर्णाचा पहिला बाइट २२४ असतो, म्हणजे ‘एक्स’च्या १२०पेक्षा मोठा. तारीख न घालता थेट मराठी अक्षराने सुरू केलेली ओळ त्यामुळे झालेल्या कामांच्याही खाली जाऊन बसते. झालेली कामं त्याच फाइलमध्ये ठेवणारा माणूस यादी वरून वाचत गेला तर मराठीतली उरलेली कामं त्याला तळाशी सापडतात. उपाय सोपा आहे. काम जोडताना तारीख आपोआप घालण्याची सोय प्रोग्रॅमच्या मांडणीच्या फाइलमध्ये आहे; ती चालू ठेवली की ओळ अंकाने सुरू होते आणि ठरलेल्या जागी येते. फक्त तो अंक इंग्रजी हवा. मराठी कळफलकावरून हाताने तारीख लिहिली आणि ‘०८’ देवनागरीत पडलं, तर प्रोग्रॅम त्याला तारीख मानत नाही.

दुसरा खळगा शोधाचा, आणि तो डोळ्यांना दिसत नाही. ‘ॲप’ या शब्दातला पहिला वर्ण एकाच क्रमांकाने लिहिता येतो, किंवा ‘अ’पुढे अर्धचंद्र जोडूनही. ‘दुसऱ्या’मधला ऱ्य सुद्धा दोन रीतींनी साठवला जातो: एकीत ‘ऱ’ हा स्वतंत्र वर्ण असतो, दुसरीत ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. ग्रेप आकार पाहत नाही, बाइट पाहतो. म्हणून फोनवर लिहिलेली ‘दुसऱ्या प्रुफां’ची ओळ संगणकावर शोधताना गुंगारा देऊ शकते. शोधायला लागणारे शब्द, म्हणजे प्रकल्प आणि संदर्भ यांची नावं, साध्या वर्णांची ठेवली तर हा त्रास टळतो. ‘@फोन’, ‘@बाहेर’, ‘+घर’ यांत चुकण्यासारखं काही नाही. तिसरी अडचण निव्वळ दिसण्याची. टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, प्रत्येक अक्षराला ठरावीक रुंदीचं घर देतं, त्यात काना-मात्रा आणि जोडाक्षरं काही ठिकाणी विस्कटतात. फाइलमधला मजकूर शाबूत असतो. दुसरं टर्मिनल किंवा दुसरा फाँट लावून पाहावा.

काय जमत नाही

साध्या फाइलला स्वतःहून काही करता येत नाही. वीजबिलाची मुदत १८ तारखेची असली तरी त्या दिवशी ती घंटा वाजवणार नाही. यावर जाणत्यांचा तोडगा असा की टर्मिनल उघडताना जी फाइल वाचली जाते, तिच्यात ‘ए’ अग्रक्रमाची कामं दाखवणारी एक ओळ घालून ठेवायची. दिवसभर टर्मिनल उघडणाऱ्या माणसाला मग यादी टाळताच येत नाही. पण ज्याचा दिवस फोनवर आणि रस्त्यावर जातो त्याच्यासाठी गजर देणारं ॲपच बरं.

दर महिन्याला परत येणारं काम, एका कामाच्या पोटातली चार कामं, या गोष्टी मूळ नियमांत नाहीत. पूरक प्रोग्रॅमांनी त्या जोडल्या आहेत, पण प्रत्येकाने आपापल्या रीतीने. तीन माणसांनी मिळून एक यादी चालवणंही अवघड. फाइल ड्रॉपबॉक्स किंवा सिंकथिंगने अनेक यंत्रांवर ठेवता येते. मात्र दोन ठिकाणी एकाच वेळी बदल झाले की फाइलच्या दोन प्रती तयार होतात आणि त्या हाताने जुळवाव्या लागतात. फाइलींतल्या बदलांची नोंद ठेवणारा गिट हा प्रोग्रॅम वापरणाऱ्यांना हे थोडं सोपं जातं, कारण गिट बदल ओळीओळीने दाखवतो आणि इथे एक ओळ म्हणजे एक काम. कोणतं काम कधी आलं, कधी बदललं, कधी गेलं याचा इतिहासही त्यात राहतो. तरीही संपूर्ण कार्यालयाची कामं वाटून देण्यासाठी हे साधन नाही. ते एका माणसाच्या यादीसाठी आहे.

सुरुवात करायची तर प्रोग्रॅम न बसवताच करावी. एक रिकामी फाइल, एका ओळीत एक काम, तारीख पुढे, आणि फार तर तीन संदर्भ. ‘ए’ फक्त आज करायच्याच कामाला. दहा कामांना ‘ए’ दिला की तो अग्रक्रम उरत नाही. काही दिवसांनी हाताने ‘एक्स’ लावण्याचा कंटाळा आला की आज्ञा शिकाव्यात.

आणि वर आलेल्या जुन्या ओळीकडे नीट पाहावं. जून महिन्यातली तारीख घेऊन एखादं काम ऑगस्टमध्ये सर्वांत वर बसलेलं दिसतं तेव्हा बहुधा ते एका ओळीचं काम नसतं. ‘अंकाची छपाई’ ही ओळ तशीच पडून राहते, कारण ती कधीच एका बैठकीत होणारी नाही. ‘तीन छापखान्यांना फोन करून सोळा पानी फर्म्याचा दर विचारणे’ ही ओळ आज दुपारी संपू शकते. ज्या ओळीचे असे तुकडे पडत नाहीत आणि जी करायचीही नाही, ती काढून टाकावी. ‘टी डेल’ आणि ओळीचा क्रमांक दिला की प्रोग्रॅम एकदा विचारून घेतो आणि ती पुसतो.